दुपारी घरी कोण असतं?

बेळगावच्या शहापुरात आमचं घर. बावीस वर्षांत दारात चार कुत्री झाली, त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही पोराने कुत्र्यासाठी हट्ट धरला की त्याचे आईबाप आमच्या पायरीवर येऊन बसतात. "अक्का, कुठल्या जातीचं घेऊ सांगा की." मी उलट विचारते, दुपारी घरी कोण असतं? बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. त्यांच्या मोबाइलमध्ये हस्कीचा निळ्या डोळ्यांचा फोटो तयार असतो, मनात डॉग शोमधला चषक असतो, आणि ही बाई दुपारचं विचारत बसली आहे.

पण कुत्रं दहा-बारा वर्षं घरात राहतं. शोच्या रिंगणात पंच त्याच्याकडे बघतो ती दोन-तीन मिनिटं. म्हणून आधी घराचं बोलू, रिंगण मागाहून.

जात म्हणजे नेमकं काय, हे आपल्या भागात समजावणं सोपं आहे. रायबाग तालुक्यातल्या चिंचणीच्या मायाक्काच्या जत्रेतला बैलबाजार आठवा. तिथे कुणी नुसता 'बैल' मागत नाही, खिलार मागतो. खिलार म्हटलं की कष्टाला आणि पळायला काटक, अंगाने आटोपशीर, मागे वळलेली लांब शिंगं, हे गृहीतच असतं. खिलार गाय दुधासाठी घेतली आणि मग बादली भरत नाही म्हणून ओरडलं, तर चूक गाईची नाही. कुत्र्यांचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या एखाद्या कामासाठी निवडून-निवडून जोडे लावले, त्यातून ते काम रक्तात उतरलं, ते काम करणारं शरीरही उतरलं, आणि त्या गठ्ठ्याला आपण जात म्हणतो. काम गेलं तरी ओढ राहते. जर्मन शेफर्ड मेंढरं राखायला घडवला गेला. राखायला मेंढरं नसली तर तो घरातली पोरं, पोस्टमन आणि समोरच्यांची स्कूटर राखतो. बीगल वासाच्या मागावर जाणारा. एकदा नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही, आणि फाटक उघडं राहिलं तर तो वडगावात सापडतो. डॅशहुंड बिजू नावाच्या जनावराच्या बिळात घुसायला केलेला, म्हणून पाय आखूड आणि पाठ लांब. जिने चढून-उतरून त्याच्या मणक्याची चकती सरकते. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणारे. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळलेला असतो, आणि त्यामुळे त्यांची भूक भागत नाही. तेव्हा जेवण झाल्यावर तो ज्या नजरेने तुमच्याकडे बघतो त्या नजरेवर विश्वास ठेवू नका.

आता दुपारचा प्रश्न. नवराबायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, घर सकाळी नऊपासून पाचपर्यंत बंद: अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू आणणं म्हणजे तान्ह्या बाळाला कुलूप लावून जाणं. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायचं असतं, दर दोन तासांनी मुतायचं असतं. घरी आजी-आजोबा असतील तर चित्र बदलतं, पण मग वेगळा प्रश्न येतो, साखळी कोण धरणार? चाळीस किलोचा रॉटवायलर मांजर दिसल्यावर झेप घेतो तेव्हा दुसऱ्या टोकाला सत्तर वर्षांच्या आजी नसाव्यात. शिवाय या कुत्र्याला शिस्त लावायला अनुभवी हात लागतो. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह वीसहून अधिक जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. आपल्या कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. कायद्याने दार उघडं आहे म्हणून पहिलंच कुत्रं म्हणून हे घ्यावं असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

हवा हाही विचार. आमचं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, दुपार सोडली तर गार. खानापूरकडे गेलात तर पावसाळाभर ओल, आणि ओलीबरोबर गोचीड, कातडीचे रोग. दाट केसांच्या कुत्र्याला तिकडे आंघोळ घातली की दोन दिवस वाळत नाही. उलट अथणीकडचा एप्रिल हस्कीला भाजून काढतो. पग आणि तसल्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचं तर नाकच इतकं आखूड की उन्हात धाप लागून ती कोसळतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो श्वासावाटे गार होतो. आणि श्वासाची वाटच चेपलेली असेल तर तो काय करणार?

शंभर किलोमीटरवरचं आपलं कुत्रं

हे सगळं ऐकल्यावर लोक विचारतात, मग आपल्या हवेचं कुठलं? उत्तर घराजवळच आहे, मुधोळचं शिकारी कुत्रं. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ बेळगावपासून शंभरेक किलोमीटर. घोरपड्यांचं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास हौसेने वाढवली आणि इंग्लंडला गेले तेव्हा पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. मुधोळ हाउंड हे नाव तिथून रूढ झालं. आपल्याकडे सांगली-सोलापूरपर्यंत त्याला कारवानी म्हणतात, आणि कानाशेपटीवर रेशमी झालर असलेल्याला पश्मी. जानेवारी 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. कर्नालच्या पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांच्या ज्या पहिल्या तीन जाती नोंदवल्या, त्यातही राजपालयम आणि चिप्पीपराईच्या जोडीला मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. भारतीय सैन्याने परीक्षेसाठी पिल्लं नेली ती या केंद्रातली.

हे कुत्रं नजरेवर शिकार करणारं. लांब निमुळतं डोकं, खोल छाती, आत गेलेलं पोट. नर खांद्याला 68 ते 72 सेंटिमीटर भरतो, पण वजन जेमतेम लॅबएवढंही नाही. आमची बिजली कारवानी होती. तिच्या फासळ्या बघून येणारा-जाणारा हटकायचा, "काय गे, खायला घालत नाहीस काय कुत्र्याला?" शेवटी सासूबाईंनी चोरून तूप-भाकरी सुरू केली आणि तीन महिन्यांत बिजलीची कंबर नाहीशी झाली. कारवानीच्या शेवटच्या फासळ्या किंचित दिसायलाच हव्यात. शोमध्ये लठ्ठ कारवानी म्हणजे तोंडी परीक्षेला पेंगत गेलेला विद्यार्थी.

घेण्याआधी तीन गोष्टी मात्र ऐका. एक, तो सशामागे सुटला की थांबत नाही, म्हणून उघड्या रस्त्याजवळ साखळी सोडायची नाही. आणि त्याच्याकरवी ससा मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. 'आमच्या आजोबांपासून चालत आलंय' हे वनखात्यापुढे चालत नाही. दोन, अंगावर चरबी नसल्याने या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना 'हा हाउंड आहे' असं तोंडाने सांगा, नोंदवहीत 'लोकल' लिहिलेलं असलं तर पुसायला लावा. तीन, अनोळखी माणसाने अंगावरून हात फिरवलेला बऱ्याच कारवानींना खपत नाही. घरी हे चालून जातं. रिंगणात याच गोष्टीवर घोडं अडतं. ते पुढे सांगते.

कागद आधी, पिल्लू नंतर

आमचं पहिलं कुत्रं राजा, जर्मन शेफर्ड. एका विक्रेत्याकडून घेतला. "कागद?" "येतात की, पंधरा दिवसांत." ते पंधरा दिवस अजून संपायचे आहेत. वर्षभराने मोठ्या उत्साहाने शोचा अर्ज भरायला घेतला तेव्हा नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला आमच्याकडे काही नव्हतं. राजा गुणी होता, देखणाही होता, पण कागदावर तो कुणाचाच मुलगा नव्हता.

म्हणून ही व्यवस्था नीट समजून घ्या. देशातली मोठी नोंदणी संस्था म्हणजे चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया. आई आणि बाप दोघंही तिथे नोंदलेले असतील, तर ज्याच्या घरी कुत्री व्याली तो पैदासकार सगळ्या पिल्लांची एकत्र नोंदणी करतो. मग पिल्लाच्या नावाने प्रमाणपत्र निघतं, त्यावर मागच्या पिढ्यांची वंशावळ असते, आणि विकताना ते तुमच्या नावावर बदलून द्यायचं असतं. हे काम पैदासकाराच्या सहीशिवाय होत नाही, आणि पैसे हातात पडल्यावर सही महाग होते. सातबारा न बघता शेत घेणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथेही लागू. पिल्लाच्या दोन खांद्यांमध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असते. तिचा पंधरा अंकी क्रमांक यंत्राने वाचून कागदाशी ताडून बघा. कारवानी घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो वर्षानुवर्षं 'कॅरव्हान हाउंड' आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लब या दुसऱ्या संस्थेच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. कुत्रं तेच, वह्या वेगळ्या. ज्या शोला जायचंय तिथे कुठली वही चालते ते आधी विचारा.

पैदासकाराकडे गेलात की पिल्लाआधी त्याची आई बघायला मागा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत फिरा. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेलं असावं लागतं, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "महिन्याचं न्या, लवकर लळा लागतो" म्हणणारा नियम मोडतोय, आणि पिल्लाचंही नुकसान करतोय, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. मोठ्या अंगाच्या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष वंशाने येतो. आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. विचारल्यावर समोरच्याचा चेहराच पुष्कळ सांगतो.

आणि एक गल्लीतली गंमत. आपल्याकडे ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो, चांगला मोठा आणि आपल्या हवेला सरावलेला. खरा पॉमेरियन तीन किलोच्या आत-बाहेर. कुत्रं म्हणून स्पिट्झ उत्तमच, पण पॉमेरियन म्हणून रिंगणात नेलात तर हसं होईल.

रिंगणात काय बघतात

कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन 1859 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं, तेही शिकारी कुत्र्यांच्या दोनच प्रकारांचं. पुढे 1873 मध्ये इंग्लंडात केनेल क्लब आला, जातीजातीचे आदर्श लिहिले गेले. आदर्श म्हणजे त्या जातीचं कुत्रं कसं असावं याचं लेखी वर्णन: उंची, डोकं, डोळे, छाती, शेपूट, केस, चाल, स्वभाव. आणि इथेच नव्या माणसाची फसगत होते. त्याला वाटतं रिंगणात कुत्र्याची कुत्र्याशी तुलना चाललीय. तसं नसतं. पंच प्रत्येक कुत्र्याला मनातल्या त्या लेखी वर्णनाशी ताडतो, आणि त्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याला वर उभं करतो. म्हणून कधी कधी देखणं कुत्रं मागे राहतं आणि साधं दिसणारं जिंकतं, प्रेक्षक कुजबुजतात, "पंच ओळखीचा असणार."

पंच बघतो काय? बाजारातला जाणता शेतकरी बघतो तेच. बैलाचं तोंड उघडून आदत आहे की दोन दाती, की जुळलेला, म्हणजे वय किती, हे तो आधी बघतो. मग चालवून बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो. पंचही कुत्र्याचा जबडा उघडून दात बघतो. मोठ्या कुत्र्याला 42 दात, आणि बहुतेक जातींत वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे, कात्रीसारखे बसलेले हवेत. मग खांदे, छाती, मांड्या चाचपतो. नराची दोन्ही अंडं खाली उतरलेली आहेत का तेही हाताने बघतो. एकच असेल तर बाद. नसबंदी केलेलं कुत्रंही या स्पर्धेत घेत नाहीत, कारण प्रदर्शनाचा मूळ हेतूच पुढची पैदास कुणापासून करावी हे ठरवणं. शेवटी चाल. सरळ जाऊन यायचं, मग त्रिकोणात, मग रिंगणाभोवती, बहुतेक दुडकीने. उभं राहिल्यावर झाकलेले दोष दुडकीत उघडे पडतात: कोपर बाहेर फेकणं, मागचे पाय घासणं, पाठ लचकणं.

स्पर्धेची रचना शाळा-तालुका-जिल्हा अशी आहे. आधी वयाप्रमाणे वर्ग, पिल्लांचा वेगळा. त्यातले विजेते एकमेकांशी, त्यातून जातीतला सर्वोत्तम. जातींचे गट असतात. बेल्जियमची एफसीआय ही जागतिक संस्था दहा गट मानते, त्यात शेफर्ड पहिल्यात, लॅब आठव्यात, पग नवव्यात, आणि ग्रेहाउंडसारखे नजरेचे शिकारी दहाव्यात. गटातले सर्वोत्तम शेवटी एकत्र येतात आणि त्यातून निघतो 'बेस्ट इन शो'. 'चॅम्पियन' ही पदवी मात्र एका दिवसाची कमाई नव्हे. वेगवेगळ्या पंचांकडून ठरावीक प्रमाणपत्रं मिळवावी लागतात, त्यासाठी गावोगाव फिरावं लागतं, आणि त्या फिरण्याचा खर्च पिल्लाच्या किमतीला सहज मागे टाकतो.

कृषी प्रदर्शनाला जोडून जे डॉग शो भरतात ते वेगळे. तिथे बहुधा कागद लागत नाहीत, गावठी कुत्रंही फेट्यासकट मिरवतं. सराव म्हणून फार चांगले. पण तिथला चषक दाखवून कुणी तुम्हाला 'चॅम्पियन लाइन' म्हणून पिल्लू विकत असेल तर प्रमाणपत्रावरचं संस्थेचं नाव वाचा. गावाकडे कुत्र्यांच्या शर्यती होतात, त्यांचाही शोशी काही संबंध नाही.

तयारी घरातच होते

पहिला शो कुत्र्याशिवाय बघा. सकाळी लवकर जा, आपल्या जातीच्या रिंगणापाशी बसा, आणि कुत्र्याकडे नव्हे तर धरणाऱ्याच्या हातांकडे बघा. तो कुत्र्याला कायम डाव्या बाजूला ठेवतो. कुत्रं आणि पंच यांच्या मध्ये स्वतः येत नाही. पट्टा बारीक, खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. अर्जाची मुदत शोच्या बरीच आधी संपते, हेही तिथेच विचारून घ्या; त्या दिवशी सकाळी कुत्रं घेऊन गेलात तर फाटकावरूनच बघावं लागेल.

बाकी तयारी तिसऱ्या महिन्यापासून. पिल्लू जगाला सरावण्याचा काळ तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत. नेमकी हीच लसीकरणाची वेळ. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, चार महिन्यांचं होईपर्यंत; रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर पार्व्हो या जीवघेण्या रोगाच्या भीतीने जमिनीवर फिरवायचं नाही. मग करायचं काय? कडेवर घ्यायचं. मी बिजलीला टोपलीत घालून खडेबाजारात नेत होते. हॉर्न, बँड, भाजीवाल्यांचा कालवा, सगळं तिने टोपलीतून ऐकलं.

पण एक गोष्ट राहून गेली. तिच्या तोंडात घरच्यांखेरीज कुणी बोट घातलं नव्हतं. पहिल्या शोला चाल सुरेख झाली, पंचाने जबडा धरला, आणि बिजली अशी उसळली की पट्टा माझ्या हातात आणि कुत्री मंडपाच्या कनातीखाली. पंचाने शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं. चावली असती तर त्याच दिवशी तिच्या नावावर फुली बसली असती.

घरी परतल्यावर सहा महिने आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी एक काम होतं. दूधवाला, पेपरवाला, सासूबाईंच्या भजनातल्या बायका, सगळ्यांनी बिजलीचा ओठ वर करून दात बघायचे आणि तिला कलेजीचा तुकडा द्यायचा. भजनातल्या बायका कलेजीला हात लावायच्या नाहीत, त्या भाकरी द्यायच्या. पुढच्या खेपेला पंच वाकला तेव्हा तिने आपणहून ओठ वर केला. त्या वेळी आम्ही चौघांत तिसरे आलो. निकाल लागल्यावर पंचांना भेटता येतं, म्हणून मी जाऊन विचारलं, कुठे कमी पडली? ते म्हणाले, "खांदा थोडा सरळ आहे, त्याला इलाज नाही. पण पोटावर तूप दिसतंय, तेवढं बंद करा."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.